‘किरकोळ कारणावरून खून’ : आक्रमकतेचे उत्क्रांतिवादी स्पष्टीकरण कसे तपासावे

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत छापून येते. ‘रागाने पाहिल्याच्या कारणावरून तरुणाचा खून’, ‘गाडीला कट मारल्याच्या वादातून मारहाण’, ‘बांधाच्या वादातून भावकीत हाणामारी’. नावे आणि गावे तेवढी बदलतात. बातमीदार त्यात ‘किरकोळ कारणावरून’ हे शब्द घालतो आणि वाचक मान हलवून पान उलटतो. इतक्या किरकोळ कारणावरून माणूस माणसाच्या जिवावर का उठतो, हे विचारणाऱ्यांत उत्क्रांती मानसशास्त्राचे, म्हणजे माणसाच्या मनाची आणि वर्तनाची मुळे उत्क्रांतीत शोधणाऱ्या शास्त्राचे, अभ्यासक आघाडीवर आहेत. त्यांचे उत्तर लेखांतून, व्याख्यानांतून आणि व्हॉट्सॲपवरच्या मजकुरांतून आपल्यापर्यंत पोहोचते, पण वाटेत ते इतके झिजते की ‘पुरुषाच्या रक्तातच मारामारी आहे’ एवढेच हाती उरते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने किंवा विज्ञानावर लिहिणाऱ्याने असे स्पष्टीकरण समोर आल्यावर ते स्वीकारण्याची घाई करू नये आणि झटकून टाकण्याचीही करू नये. ते तपासण्याची एक रीत आहे, आणि ती एखाद्या दाव्यावर चालवून पाहिल्याखेरीज नीट कळत नाही.

म्हणून एक दावा हाताशी ठेवू : ‘तरुण पुरुष क्षुल्लक अपमानावरून जिवावर उठतात, कारण मानवाच्या दीर्घ पूर्वेतिहासात चारचौघांत पत गमावलेल्या पुरुषाला जोडीदार आणि संतती या दोहोंना मुकावे लागण्याची शक्यता अधिक होती.’ कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात काम करणाऱ्या मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या दांपत्याने १९८०च्या दशकात मांडलेल्या विचाराचा हा ढोबळ गोषवारा आहे. त्यांच्याही आधी मार्व्हिन वूल्फगँग या समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया शहरातील १९४८ ते १९५२ या काळातील ५८८ खुनांची पोलिसी कागदपत्रे चाळली होती, आणि त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खून अपमान, शिवी किंवा धक्काबुक्की अशा ‘तुलनेने क्षुल्लक’ भांडणांतून झाले होते. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीत देशभरातील २८,५२२ खुनांपैकी ९,९६२ खुनांचे कारण ‘वाद’ असे नोंदलेले आहे. दोन्हीकडची वर्गवारी सारखी नाही, आपल्याकडच्या ‘वादां’त जमीनजुमल्याचे आणि घरगुती वादही येतात, तरीही किरकोळ म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टीचा वाटा केवढा मोठा आहे, हे त्यावरून दिसते.

आधी शब्द सोडवून घ्यावा

‘आक्रमकता’ ही एकच वस्तू नाही. दाव्यात नेमकी कोणती आक्रमकता अभिप्रेत आहे, हे एका वाक्यात लिहून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. निदान दोन प्रकार वेगळे करावेच लागतात : डिवचल्यावर उसळून येणारी आक्रमकता आणि थंड डोक्याने बेत करून केलेली आक्रमकता. दोहोंमागची शरीरयंत्रणा बरीचशी वेगळी आहे, आणि हार्वर्डचे प्राइमेटतज्ज्ञ (माकडे व वानरे यांच्या कुळाचे अभ्यासक) रिचर्ड रँगम यांचे तर म्हणणे असे की चिंपांझींच्या तुलनेत माणूस पहिल्या प्रकारात फारच सौम्य, मात्र दुसऱ्या प्रकारात चांगलाच पारंगत आहे.

हा भेद कायद्याने मानसशास्त्राच्या कितीतरी आधी ओळखला होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३००मध्ये ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभा’चा अपवाद होता, आणि त्याची सर्वांत गाजलेली परीक्षा मुंबईतच झाली. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालून ठार केले. दुपारी दीडच्या सुमारास ते घरातून निघाले, पत्नी व मुलांना सिनेमागृहावर सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले, आधी त्या गृहस्थाच्या कार्यालयात आणि मग घरी गेले. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. मधल्या जवळजवळ तीन तासांत मन ताब्यात आणायला पुरेसा अवधी मिळाला होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले आणि प्रक्षोभाचा अपवाद नाकारला. बातमी वाचताना हाच प्रश्न विचारावा : भांडण आणि वार यांच्यात किती वेळ गेला? त्याच जागी, त्याच मिनिटाला सुरा निघाला असेल तर तो एक प्रकार. ‘उद्या बघून घेतो’ म्हणून गेलेला माणूस चार मित्रांना घेऊन परत आला असेल तर तो दुसरा.

हे वेगळे न केल्यास पुराव्यांची सरमिसळ होते. उदाहरणार्थ, २०१४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेतील १८ चिंपांझी समूहांतील १५२ हत्यांची, त्यांत पाहिलेल्या तशाच संशयितही, मोजदाद आहे. मारणारे ९२ टक्के नर होते, आणि हल्लेखोरांचे बळ बहुधा आठास एक असे होते. लेख लिहिणारे ही आकडेवारी उचलून लगेच ढाब्यावरच्या भांडणाला लावतात. परंतु आठ जणांनी एकट्याला गाठणे म्हणजे उसळलेला राग नव्हे. ती स्वतःला धोका न पत्करता केलेली शिकार आहे. आपल्या हातातल्या दाव्याला, म्हणजे एकाने एकाशी, जोखीम घेऊन, अपमानावरून केलेल्या हाणामारीला, या आकड्यांचा फारसा आधार मिळत नाही.

प्रश्न कोणता, हे ठरवावे

निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये सांगितले की कोणत्याही वर्तनाबद्दल ‘का?’ असे विचारताना आपण चार निरनिराळे प्रश्न विचारत असतो. बांधावर कुऱ्हाड उगारणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. त्या क्षणी त्याच्या शरीरात आणि मेंदूत काय घडत होते, दारू किती प्यायली होती, समोरचा काय बोलला, हा पहिला प्रश्न. तो लहानाचा मोठा कसा झाला, घरात त्याने बापाला काय करताना पाहिले, हा दुसरा. ही राग येण्याची क्षमता कोणत्या पूर्वज प्राण्यांकडून, कोणत्या टप्प्यांनी आली, हा तिसरा. आणि पूर्वजांच्या जगात त्या क्षमतेमुळे पुनरुत्पादनात कोणता फायदा झाला, हा चौथा. उत्क्रांती मानसशास्त्र मुख्यतः चौथ्याचे उत्तर देते. ‘छे, तो दारूच्या नशेत होता’ असे म्हटल्याने ते उत्तर खोटे ठरत नाही, कारण नशा हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. आणि चौथ्याचे उत्तर मिळाले म्हणून पहिले तीन सुटतात असेही नाही.

येथे होणारी सर्वांत ढोबळ चूक म्हणजे फायदा आणि हेतू यांची गल्लत. कुऱ्हाड उगारणाऱ्याच्या मनात वंशवृद्धीचा विचार असतो, असे कोणताही जबाबदार अभ्यासक म्हणत नाही. त्याच्या मनात बांध असतो, आजोबांच्या वेळची मोजणी असते, आणि सकाळी चावडीसमोर ऐकून घेतलेला टोमणा असतो. एखाद्या लेखात ‘पुरुष आपली जनुके पसरवण्यासाठी भांडतो’ असे वाक्य आढळले, तर लेखकाने विषय वरवर वाचला आहे असे समजण्यास हरकत नाही.

विळी आणि कापलेले बोट

पुढचा प्रश्न असा : ज्या वर्तनाचे स्पष्टीकरण दिले जात आहे ते स्वतःच नैसर्गिक निवडीने घडवलेले अनुकूलन, म्हणजे उपयोगी म्हणून टिकलेले वैशिष्ट्य आहे, की दुसऱ्या एखाद्या अनुकूलनाचे उपफल, म्हणजे त्याच्या ओघाने आलेला परिणाम? विळीने बोट कापते, म्हणून विळी बोट कापण्यासाठी बनवलेली नसते. ती भाजी चिरण्यासाठी असते, आणि धार आहे म्हणून कधी बोटही कापले जाते. टेक्सास विद्यापीठाचे डेव्हिड बस आणि त्यांचे सहकारी जोशुआ डंटली यांच्या मते माणसाच्या मनात हत्येसाठीच घडलेल्या यंत्रणा आहेत. डेली आणि विल्सन यांना तसे वाटत नव्हते. त्यांच्या दृष्टीने धमकावणे, दरारा बसवणे, मागे न हटणे या गोष्टी उपयोगी होत्या, आणि खून म्हणजे बहुतेक वेळा त्या डावात तोल जाणे. दोघेही उत्क्रांतीचेच अभ्यासक, पण दावे निराळे आणि त्यांना लागणारा पुरावाही निराळा. मला दुसरे मत अधिक पटते, कारण रस्त्यावरच्या हाणामारीत खून झाल्यावर मारणाऱ्याच्या हाती तुरुंग, सूड आणि वैर याखेरीज क्वचितच काही लागते.

खोटे ठरू शकेल असे भाकीत मागावे

गोष्ट रचणे सोपे असते. कोणतेही वर्तन घ्यावे, त्याचा अश्मयुगात काय उपयोग झाला असेल याची कल्पना करावी, की स्पष्टीकरण तयार. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याच सवयीवर टीका केली होती, आणि ती टीका आजही लागू पडते. तिच्यावर उपाय एकच : ‘हे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे, आणि काय दिसता कामा नये?’ असे विचारणे. हे नीट केले की काय साधते, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे.

मराठीत आपण ज्याला वानर म्हणतो, त्या काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या लंगुरांचा अभ्यास १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला क्योतो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा कर्नाटकात धारवाडजवळ करीत होते. बाहेरून आलेल्या नरांनी एका कळपाच्या मुख्य नराला हुसकावून लावले, आणि त्यानंतर कळपातली अंगावर पिणारी पिल्ले मारली गेली, असे त्यांनी नोंदवले. गर्दीमुळे बिघडलेल्या प्राण्यांची ही विकृती असावी, असे तेव्हा अनेकांना वाटले. सारा हर्डी ही हार्वर्डची विद्यार्थिनी १९७१ मध्ये राजस्थानात अबूच्या पहाडावर आली, तीही गर्दीचा परिणाम पाहायलाच. तिथे वर्षानुवर्षे कळप पाहून तिने वेगळे गृहीतक मांडले. कळपावरचा ताबा नराकडे सरासरी दोन-अडीच वर्षेच टिकतो. पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. तेव्हा आधीच्या नराचे पिल्लू मारणाऱ्या नव्या नराला स्वतःची पिल्ले लवकर मिळतात.

या गृहीतकाचा गुण असा की ते साफ तोंडघशी पडू शकले असते. मारणारा नर हा मारलेल्या पिल्लाचा बाप असता कामा नये. पिल्लू गेलेली मादी लवकर माजावर यायला हवी. आणि पुढचे पिल्लू बहुधा मारणाऱ्याचेच असायला हवे. विरोधकांनी पुराव्यावर अनेक वर्षे आक्षेप घेतले, कारण प्रत्यक्ष पाहिलेल्या हत्या थोड्या होत्या आणि पितृत्व तर अंदाजानेच ठरवलेले होते. पुढे दक्षिण नेपाळमधील रामनगर येथील लंगुरांच्या विष्ठेतून मिळवलेले डीएनए तपासले गेले, आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ज्या नरांनी पिल्लांवर हल्ले केले, त्यांतला एकही त्या पिल्लाचा बाप निघाला नाही. विकृतीच्या किंवा अपघाताच्या स्पष्टीकरणातून हे भाकीत निघत नव्हते.

आता मोह होतो तो वानरावरून थेट माणसावर उडी मारण्याचा, आणि नेमके तिथेच थांबायचे असते. डेली आणि विल्सन यांनी कॅनडातील १९७४ ते १९८३ या काळातील नोंदी तपासून दाखवले की सावत्र पालकाबरोबर राहणाऱ्या दोन वर्षांखालच्या मुलांचा त्या पालकाकडून खून होण्याचे प्रमाण सख्ख्या पालकांच्या तुलनेत सुमारे ७० पट होते. परंतु ‘सावत्र बाप म्हणजे पिल्ले मारणारा वानर’ असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की पोटच्या मुलाविषयी वाटणारी माया ही उत्क्रांतीने घडवलेली गोष्ट आहे, आणि जिथे ती सहज येत नाही तिथे रडणाऱ्या तान्ह्या मुलाबद्दलचा वैताग आवरणारा बांध थोडा कच्चा असतो. म्हणजे पुन्हा उपफल, अनुकूलन नव्हे. हा फरक अनेक पाठ्यपुस्तकी टिपणांतून गळून जातो.

शिवाय ‘७० पट’ हा शब्दप्रयोग वाचून मन कसे फसते, हे कागदावर हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. केवळ समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका प्रदेशात १० लाख लहान मुले सख्ख्या आईबापांकडे आहेत आणि त्यांतली १० त्यांच्याकडूनच मारली गेली. १० हजार मुले सावत्र पालकांकडे आहेत आणि त्यांतली २ मारली गेली. सावत्र घरातला धोका २० पट निघतो. तरीही मेलेल्या १२ मुलांपैकी १० सख्ख्यांच्या हातून गेली, आणि सावत्र घरातली ९,९९८ मुले सुखरूप आहेत. प्रमाण, संख्या आणि एका व्यक्तीविषयीचा अंदाज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी आकडा फेकला तर तो या तिहींपैकी कशाचा आहे, हे आधी विचारावे. मग हेही पाहावे की दुसऱ्या देशात तोच आकडा टिकतो का. स्वीडनमधील १९७५ ते १९९५ या काळातील नोंदींवरून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सावत्र घरात जादा धोका आढळला नाही. डेली आणि विल्सन यांनी त्याच नोंदींची वयानुसार फेरमांडणी करून लहान मुलांबाबत तो दिसतो असा प्रतिवाद केला. हा वाद पुरता मिटलेला नाही, आणि उत्तरपत्रिकेत तो न मिटल्याचे लिहिणे हेच बरोबर उत्तर आहे.

प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण शेजारी बसवावे

मूळ दाव्याकडे परत येऊ. जगभरात खुनाच्या संशयितांपैकी सुमारे ९० टक्के पुरुष असतात, आणि वयानुसार आलेख काढला तर तो विशीच्या आसपास उंच चढून नंतर उतरत जातो. शिकागो आणि इंग्लंड-वेल्स यांचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असे आलेख शेजारी ठेवले तर आकार जवळजवळ सारखा दिसतो. मात्र शिकागोच्या आलेखाची उंची सुमारे तीसपट असते. माझ्या मते या विषयात शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट या दोन आलेखांत आहे. आकाराचे स्पष्टीकरण उत्क्रांतीकडे मागता येईल. उंचीचे नाही, कारण दोन्हीकडची माणसे एकाच प्रजातीची आहेत. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत खुनाचे प्रमाण कितीतरी पटींनी घटले, आणि एवढ्या अवधीत जनुके तितकी बदलत नसतात.

उत्क्रांतीचे चांगले अभ्यासक उंचीचा प्रश्न टाळत नाहीत. विल्सन आणि डेली यांनी १९९७ मध्ये शिकागोच्या ७७ वस्त्यांची तुलना केली. खुनामुळे झालेले मृत्यू वगळूनही पुरुषांचे सरासरी आयुर्मान एका वस्तीत ५४ वर्षे तर दुसऱ्या वस्तीत ७७ वर्षे होते, आणि जिथे आयुष्य तोकडे तिथे खुनाचे प्रमाण ठळकपणे अधिक होते. आपले भवितव्य लांब नाही असे ज्याला आसपास दिसते, तो आजच्या प्रतिष्ठेसाठी मोठी जोखीम घेतो, असा त्यांचा अर्थ. तो मान्य करण्यापूर्वी गरिबी, बेकारी आणि पोलिसांवरचा अविश्वास हेही त्याच वस्त्यांत एकवटलेले असतात, हे लक्षात घ्यावे. एकत्र आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे.

संस्कृतीचे स्पष्टीकरणही शेजारी हवेच. रिचर्ड निस्बेट आणि डोव्ह कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी मिशिगन विद्यापीठात विद्यार्थ्यांना अरुंद बोळातून जाताना मुद्दाम धक्का मारवला आणि शिवी देववली. अमेरिकेच्या उत्तरेतून आलेल्या विद्यार्थ्यांवर फारसा परिणाम झाला नाही; दक्षिणेतून आलेल्यांच्या लाळेत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) आणि कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) वाढलेले आढळले. पशुपालनावर जगणाऱ्या समाजात गुरे एका रात्रीत पळवता येतात, सरकार दूर असते, म्हणून ‘याच्या वाटेला जाऊ नये’ अशी ख्याती हेच कुंपण ठरते, असे त्यांचे म्हणणे. हे उत्क्रांतीच्या विरोधात जाते, असे समजण्याचे कारण नाही. पत जपण्याची जाण सर्वांना असू शकते आणि ती कुठे किती ताणली जाईल हे परिस्थिती ठरवू शकते. स्त्रियांच्या बाबतीत ॲन कॅम्बेल या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९९९ मध्ये मांडलेला विचारही असाच आहे : आई गेली तर तान्हे मूल जगणे अवघड, म्हणून जिवावर बेतणारे भांडण टाळण्याकडे कल, राग कमी असतो असे नव्हे, तो शब्दांनी, बहिष्काराने, पाठीमागच्या कुजबुजीने बाहेर पडतो.

मोजलेली माणसे कोण, हे पाहावे

नेपोलियन शॅग्नन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोकांविषयी लिहिले की ज्या पुरुषांनी हत्येत भाग घेतला होता त्यांना सरासरी ४.९१ मुले, तर इतरांना १.५९ मुले होती. हा आकडा अजूनही सर्रास फिरतो. पण वय वाढेल तशा दोन्ही गोष्टी वाढतात, मुलेही आणि हत्येत भाग घेण्याच्या संधीही. वयोगटनिहाय पाहिले तर फरक उरतो, परंतु बराच आटतो. शिवाय मोजणी जिवंतांची होती. सूडात मारल्या गेलेल्या मारेकऱ्यांची मुले त्यात आली नाहीत. इक्वेडोरमधील वाओरानी या त्याहूनही अधिक सूडग्रस्त समाजात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अधिक आक्रमक योद्ध्यांना बायका-मुले अधिक नव्हती, आणि त्यांची जगलेली मुले उलट कमी होती. एका जमातीवरून मानवजातीविषयी लिहिलेले वाक्य दिसले की दुसरी जमात शोधावी.

‘स्वाभाविक आहे, म्हणून क्षम्य आहे’ या युक्तिवादावर फार वेळ घालवू नये. नानावटी खटल्यात न्यायालयाने राग आला होता का एवढेच पाहिले नाही, तो आवरण्यास वेळ होता का हेही पाहिले. क्षमता नैसर्गिक असल्याने जबाबदारी सुटत नाही. उलट बाजूने, हा निष्कर्ष आवडत नाही म्हणून स्पष्टीकरण खोटे ठरवणेही तितकेच सदोष आहे.

आता सुरुवातीची बातमी पुन्हा हातात घ्यावी. ‘रागाने पाहिल्याच्या कारणावरून’ या मथळ्याखालच्या बारा-पंधरा ओळींतून वय, नाते आणि हत्यार एवढे बहुधा कळते. जुने वैर होते का, दारू होती का, मध्ये किती वेळ गेला, हे कधी कळते, कधी नाही. आपल्या दाव्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट मात्र जवळजवळ कधीच छापलेली नसते. पत चारचौघांतच जाते, म्हणून दावा खरा असेल तर तीच कुरापत एकांतात निघाल्यास मिटण्याची आणि लोकांसमोर निघाल्यास चिघळण्याची शक्यता अधिक असायला हवी. घटनेनंतर बघ्यांची गर्दी जमली, असे बातमीत असते. पहिली शिवी दिली गेली तेव्हा तिथे कोण कोण उभे होते, हे ठाण्यात जाऊन पंचनाम्यात आणि साक्षीदारांच्या जबाबांतच शोधावे लागते.